वजनावर विकलेला देव
धातूचे देव : लेखांक ६

पेणच्या कारखान्यांत एका साच्यातून हंगामभर गणपती निघतात. रबरी साचा फाटला तर मूळ मॉडेलवरून दुसरा करता येतो. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याची अख्खी उलाढाल या सोयीवर उभी आहे. जुन्या ओतीव मूर्तीला ही सोय नव्हती.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राज्यकारभार, स्वयंपाक, शिकार असं सगळं सांगता सांगता राजा मूर्ती ओतायची कृतीही देतो. आधी मूर्ती मेणाची करायची, तिला नळ्या जोडायच्या. जळलेल्या तुसाची पूड, कापसाचे बारीक तुकडे आणि मीठ घालून मळलेल्या मातीचे तिच्यावर थर द्यायचे आणि ते वाळू द्यायचे. मग तापवलं की मेण वाहून जातं, आत पोकळी राहते, तिच्यात धातूचा रस ओतायचा. रस किती लागेल हे कळावं म्हणून मेण आधीच तोलून ठेवलेलं असतं: चांदी त्याच्या १२ पट, सोनं १६ पट. गार झाल्यावर माती फोडायची. मेण गेलं, साचा फुटला, उरली ती एकच मूर्ती.

कंबोडियाचे ख्मेर ओतारीही मेणावरच काम करत. अंगकोरजवळच्या पश्चिम बाराय या सुमारे ८ किलोमीटर लांब तलावाच्या मधल्या बेटावर त्यांनी अकराव्या शतकात ब्राँझचा शेषशायी विष्णू बसवला. तो पुरा होता तेव्हा ५ मीटरांहून लांब असावा. १९३६ साली एका गावकऱ्याला स्वप्न पडलं, की तिथे बुद्ध पुरलेला आहे. खणल्यावर निघाला तो विष्णू: डोकं, छाती आणि उजवीकडचे दोन हात. आज तो नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा आहे.

दगडाचा देव फुटला तरी दगडच राहतो. धातूचा देव मोडला की त्याची तोफ होते, हंडा होतो, नाणं होतं. म्हणून जुन्यातले बरेचसे वाचले ते जमिनीखाली गेलेले.

आपल्याच रायगड जिल्ह्यात हे घडलंय. श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला १७ नोव्हेंबर १९९७ रोजी नारळी-पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता, वजन सव्वा किलोच्या वर. गावाने देऊळ सजवलं, पर्यटक आले. २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचा जीव घेऊन मुखवटा पळवला आणि सोनं वितळवलं गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा मुखवटा बसला. दर्शनाला तो पुरतो. पण तेवढ्याच सोन्यातून जुन्या कारागिराचा हात परत येत नाही.

दिवेआगरच्या चोरांनी देव वजनावर विकला. कंबोडिया-थायलंडच्या चोरांना मिळालेल्या गिऱ्हाइकाला रूप हवं होतं. डग्लस लॅचफर्ड हा तिथला मोठा दलाल. जन्म १९३१चा, आपल्या मुंबईतला. पुढे बँकॉकला बसून त्याने ख्मेर मूर्ती पश्चिमेकडे पोचवल्या. २०१९ साली अमेरिकेत त्याच्यावर आरोपपत्र आलं आणि खटला चालण्याआधीच २०२० मध्ये तो वारला. त्याच्याकडून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलेला ‘गोल्डन बॉय’, म्हणजे सव्वा मीटरहून उंच, सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा, २०२४ मध्ये थायलंडला परत मिळाला.

निदान तो वितळला तरी नाही, असं कोणी म्हणेल. मला हा युक्तिवाद पटत नाही. कुठल्या देवळातून, कुठल्या कोनाड्यातून तो उचलला याची नोंदच चोरांनी पुसून टाकली. म्युझियमच्या पाटीवर ‘शिव’ या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. तो देव की राजा, यावर अजून वाद आहे. असा देव वाचला तो अर्धाच.

हा धोका घरच्या देवांनाही आहे. पेण-रोह्यातल्या जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत पणजोबांच्या काळचे टाक आणि पितळी-पंचधातूचे देव आहेत. वाटण्या झाल्या, घर फ्लॅटमध्ये गेलं की ते मोडीत निघतात. मोडीत देऊ नका. चिंच-राख लावून खसाखसा घासूही नका, नाकडोळे झिजतात. चारी बाजूंनी फोटो काढा, वजन आणि उंची लिहा, देव कुठल्या घरातून आणि कुणाकडून आला ते लिहा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली तिची नोंदणी करावी लागते. नोंदणीमुळे मूर्ती सरकारजमा होत नाही, ती तुमच्याच देव्हाऱ्यात राहते. आणि वाडीत खणताना काही लागलं तर सोनाराकडे नव्हे, आधी तहसीलदार-कलेक्टर कचेरीत कळवा; १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे.