खेळाचा संगणक घरी जुळवताना



वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, की अलीकडे अनेक घरांत एक नवीच मागणी पुढे येते. सायकल नको, घड्याळ नको. खेळ खेळण्याजोगा संगणक हवा, आणि तोही दुकानातून तयार आणलेला नव्हे, तर सुटे भाग घेऊन आपल्या हाताने जुळवलेला! मागणाऱ्याजवळ उत्साह असतो, पण पैसा नसतो. देणाऱ्याजवळ पैसा असला तरी तो बेताचा असतो, आणि त्या विषयाची माहिती तर मुळीच नसते. मग दुकानदार सांगेल ते प्रमाण मानून खरेदी होते व काटकसरीने साठवलेली रक्कम नको त्या भागावर खर्ची पडते. हे टळावे, एवढ्याच हेतूने आज आपल्याशी बोलणार आहे.

संगणक घरी जुळवणे हे वाटते तितके अवघड काम नाही. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याची रचना पुष्कळशी खुली ठेवली. त्यामुळे इतर कारखानदारांनाही त्याला जुळणारे भाग बनवता आले. पुढे १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे प्रमाण ठरवून दिले. मदरबोर्डाची लांबी-रुंदी किती, स्क्रूची भोके कोठे, वीज कोणत्या जोडणीतून यावयाची, हे सारे त्यात निश्चित झाले. म्हणूनच आज एका कारखान्याचा बोर्ड दुसऱ्याच्या पेटीत बिनतक्रार बसतो. कोठेही झाळकाम करावे लागत नाही. एक स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर पुरतो. कौशल्य लागते ते जुळवण्यात नव्हे, निवडण्यात.

निवडीपूर्वी प्रत्येक भागाचे काम समजून घेऊ. मोठ्या पंगतीचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसर हा मुख्य आचारी. काय केव्हा करावयाचे, हे निर्णय त्याचे. रॅम म्हणजे त्याच्यापुढचा ओटा; लागणारे जिन्नस हाताशी मांडण्याची जागा. एसएसडी ही कोठीची खोली; वीज गेली तरी तिच्यातला माल जागच्या जागी राहतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोळ्या लाटणाऱ्यांचा ताफा. प्रत्येकाचे काम साधे, पण हजारो हात एकाच वेळी चालतात. मदरबोर्ड ही या सर्वांना जोडणारी जागा, आणि एसएमपीएस म्हणजे चूल. आता सांगा, आचारी नामांकित आणला पण पोळ्या लाटायला एकच माणूस ठेवला, तर पंगत वेळेवर उठेल काय? संगणकाचेही तसेच आहे. त्याचा वेग त्यातील सर्वांत मंद भाग ठरवतो. म्हणून पैसे थोडे असतील तेव्हा एखादा उत्तम भाग घेण्यापेक्षा सर्व भाग एकमेकांच्या तोलाचे घेणे, यातच खरी काटकसर आहे.

हा तोल साधण्यासाठी सुरुवात प्रोसेसरपासून न करता पडद्यापासून करावी. साधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. 'फोर के' म्हणून जो पडदा विकला जातो, त्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात, बरोबर चौपट. खेळात सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एक चित्र रंगवायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रे हवी असतील, तर सातहूनही कमी. ठिपके वाढले की भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. चित्रांची संख्या फार वाढवायची म्हटली की प्रोसेसरही धापा टाकू लागतो. व्हॅलोरंटसारख्या चपळाईच्या खेळांत प्रोसेसरचे महत्त्व अधिक. भव्य देखाव्यांच्या कथाप्रधान खेळांत कार्डाचे. कोणता खेळ खेळावयाचा, हे मुलाला आधी विचारावे. पहिल्या संगणकाला १,९२० ठिपक्यांचा पडदा पुरेसा आहे. चौपट ठिपक्यांच्या मोहात पडणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड करून घेणे होय.

आता पैशांची वाटणी पाहू. समजा, पडदा, कीबोर्ड व माउस वेगळे ठेवून साठ हजार रुपये हाती आहेत. त्यांपैकी बावीस हजार ग्राफिक्स कार्डाला, दहा हजार प्रोसेसरला, सात हजार मदरबोर्डाला, आठ हजार रॅमला, पाच हजार एसएसडीला, पाच हजार एसएमपीएसला आणि तीन हजार पेटीला, म्हणजे कॅबिनेटला, अशी वाटणी धरावी. ही बाजारभावांची यादी नव्हे. कोणाचा वाटा केवढा, याचा नमुना आहे. भाव हलतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव भडकले, हे अनेकांनी अनुभवले आहे. अशा वेळी इतर वाटे थोडे आवळावे लागतील. पण एसएमपीएसच्या वाट्याला हात लावू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

सर्वांत अधिक फसगत होते ती भागांच्या परस्पर मेळात. एएमडीचे प्रोसेसर ज्या खोबणीत बसतात, त्या खोबणीच्या दोन पिढ्या आज दुकानांत दिसतात. २०१६ साली आलेली एएम-४ ही खोबण स्वस्त पडते, परंतु तिची वाटचाल संपत आली आहे. २०२२ साली आलेली एएम-५ महाग असली, तरी पुढे नवा प्रोसेसर बसवण्याची सोय तीत अधिक. एएम-५ ला डीडीआर-५ जातीचीच रॅम लागते, एएम-४ ला डीडीआर-४. या दोन जातींच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीच्या बोर्डांत दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून बोर्डाच्या खोक्यावरील अक्षरे वाचल्याशिवाय रॅम घेऊ नये. रॅम सोळा जीबी घ्यावयाची, तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती ये-जा करते आणि वेग वाढतो.

नावापुढील अक्षरांकडेही लक्ष असू द्यावे. इंटेलच्या क्रमांकापुढे 'एफ' असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. ग्राफिक्स कार्डावाचून पडदा काळाच राहील. उलट एएमडीच्या ५६००-जी यासारख्या प्रोसेसरमध्ये हलके खेळ चालवण्याइतकी सोय अंगचीच असते. आज कार्डापुरते पैसे नसतील, तर अशा प्रोसेसरवर आरंभ करून वर्षाने कार्ड जोडावे. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा हा फार चांगला मार्ग आहे.

आता एसएमपीएसविषयी. हा भाग पेटीच्या कोपऱ्यात दडलेला असतो, त्याच्यामुळे खेळाचा वेग वाढत नाही, आणि म्हणून दृष्टीआड सृष्टी या न्यायाने कात्री प्रथम त्याच्यावरच चालते. पण घरातील वीज संगणकाला मानवेल अशी करून देणारा तोच. तो निकृष्ट असला, तर स्वतः जळताना कार्ड व बोर्ड यांनाही बरोबर नेऊ शकतो. हिशेब सोपा आहे. प्रोसेसर सुमारे ७५ वॅट, मध्यम कार्ड सुमारे १५० वॅट, उरलेले सारे मिळून ५० वॅट, बेरीज २७५. जोर क्षणभर वाढतो हे ध्यानात घेऊन ५०० ते ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, काही वर्षांची हमी असलेला एसएमपीएस घ्यावा. '८० प्लस' हा शिक्का विजेची नासाडी किती कमी होते ते सांगतो; तो असावाच, परंतु तेवढ्याने टिकाऊपणाची खात्री पटली असे समजू नये. आणि घरातील भिंतीच्या तीन छिद्रांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. हा खर्च किरकोळ आहे, पण त्यावर साठ हजारांची सुरक्षितता अवलंबून आहे.

बचत कोठे करावी? रंगीबेरंगी दिव्यांवर, काचेच्या दिखाऊ पेटीवर आणि महागड्या मदरबोर्डावर. पेटी साधी चालेल, मात्र तिच्या पुढच्या बाजूला जाळी हवी व निदान दोन पंखे हवेत. आपल्याकडचा उन्हाळा बंद पेटीला मानवत नाही. वापरलेला प्रोसेसर किंवा रॅम घेण्यास फारशी हरकत नाही. वापरलेले कार्ड मात्र पारखून घ्यावे. इथेरियम या आभासी चलनाची पद्धत सप्टेंबर २०२२ मध्ये बदलल्यावर, त्या कामी अहोरात्र राबलेली कितीतरी कार्डे जुन्या बाजारात आली. विक्रेत्यासमोर वीस मिनिटे खेळ चालवून पाहावा, मूळ पावती मागावी, आणि वापरलेला एसएमपीएस तर कधीच घेऊ नये.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर, बेंगळुरूचा एस. पी. रोड ही या मालाची जुनी ठिकाणे. तेथे जाण्यापूर्वी घरी यादी लिहावी, निदान तीन ठिकाणचे भाव विचारावेत, सांगितलेल्या भावात अठरा टक्के जीएसटी धरला आहे काय हे स्पष्ट करून घ्यावे, आणि प्रत्येक भागाची पावती त्याच्या क्रमांकासह घ्यावी. पावतीवाचून हमी मागणे कठीण जाते.

जुळवताना घाई नको. अंगातील स्थिर वीज जाण्यासाठी आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. प्रोसेसर खोबणीत अलगद ठेवावा, दाबू नये. रॅमची पट्टी मात्र टक् असा आवाज होईपर्यंत दाबावी. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वीजजोडणी अनेकजण विसरतात. आणि कार्ड घेतले असेल, तर पडद्याची तार बोर्डाला न लावता कार्डाला लावावी. नाहीतर बावीस हजारांचे कार्ड पेटीत स्वस्थ बसून राहील!

शेवटी वडीलमंडळींना एक विनंती. या खरेदीत पैसा आपला असला, तरी यादी मुलाला करू द्यावी, आणि प्रत्येक भागापुढे 'हाच का?' याचे उत्तर त्याच्याकडून लिहून घ्यावे. ज्याला ते उत्तर देता येते, तो तीन वर्षांनी कार्ड जुने झाले म्हणजे सारा संगणक टाकून न देता तेवढे कार्डच बदलील. पंखा अडला तर स्वतः उघडून साफ करील. खेळ तर तो खेळेलच. पण मिळालेल्या पैशांचा हिशेब मांडून निर्णय घ्यायला शिकेल, हा लाभ त्याहून मोठा आहे.