चिंचोक्याची खळ आणि केसांचा भार

फाल्गुन-चैत्रात बार्शीच्या बाजार समितीत चिंचेची आवक वाढते. चिंच फोडली की गर एकीकडे जातो, चिंचोका दुसरीकडे. गराचे पुढे काय होते हे घराघरांत माहीत आहे, पण चिंचोक्यामागे एक अख्खा उद्योग आहे. बार्शीत चिंचोके भाजून, वरचे तांबूस टरफल काढून, आतल्या पांढऱ्या डाळीची पूड केली जाते. ही पूड पाण्यात शिजवली की दाट, गुळगुळीत खळ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या दशकात, कापड गिरण्या खळीसाठी नवा पदार्थ शोधत होत्या. तेव्हा चिंचोक्याची पूड मोठ्या प्रमाणावर वापरात आली. घोंगडी विणणाऱ्यांना मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. लोकरीच्या ताण्यावर चिंचोक्याची खळ कुंच्याने फिरवायची, ती वाळली की सुटे तंतू बसतात, धागा ताठ होतो आणि मागावर घासून तुटत नाही.

केसांच्या लेखात घोंगडी आणण्याचे कारण सरळ आहे. लोकर आणि माणसाचा केस एकाच द्रव्याचे, केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले आहेत. पातळ, हलके केस दाट आणि जड वाटावेत म्हणून बाजारात जे काही मिळते, त्यातले बहुतेक सगळे म्हणजे धाग्याला खळ देणेच आहे. एवढे लक्षात आले की कोणती बाटली घ्यावी आणि कोणत्या जाहिरातीला भुलू नये, हे बरेचसे कळते.

‘वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली’ असे म्हणणाऱ्या बाईचे केस गळलेलेच असतील असे नाही. अनेकदा केसांची संख्या ठीक असते, एकेक केस बारीक असतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस ३० सेंटिमीटर लांब धरला तर सगळ्यांची मिळून लांबी ३० किलोमीटर भरते. केसाची जाडी ७० मायक्रॉन असेल तर या साऱ्याचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास येते. जाडी ५० मायक्रॉन असेल तर ते ७८ ग्रॅमवर उतरते. संख्या तीच, लांबी तीच, पण भार निम्मा. वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते म्हणून असे होते.

ताठपणाचा हिशेब याहून कठोर आहे. केस वाकवायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ७० मायक्रॉनचा केस ५० मायक्रॉनच्या केसापेक्षा जवळजवळ चौपट ताठ असतो. जाड केस मुळापाशी थोडा उभा राहून मग वळतो, शेजारच्या केसापासून अंतर ठेवतो आणि त्या पोकळीमुळे डोके भरलेले दिसते. बारीक केस मुळापासूनच आडवा पडतो. त्यात तेलग्रंथींची भर पडते. बारीक केसाचा पृष्ठभाग कमी, पण मुळाशी पाझरणारे तेल तेवढेच. त्यामुळे तेलाचा थर दाट बसतो, केस एकमेकांना चिकटतात आणि न्हाल्याच्या दुसऱ्याच दिवशी भांग रुंद दिसू लागतो.

बोटांना जो दाटपणा जाणवतो तो जाडी, ताठपणा आणि घर्षण या तिन्हींतून येतो. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो आतून जाड करता येत नाही. पण त्याच्यावर पातळ पापुद्रा बसवला तर तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या वाढतात. कॅफिन, नायसिनामाइड, पँथेनॉल आणि दोन पॉलिमर यांचे मिश्रण लावून, न धुता ठेवून, केसाची जाडी २ ते ५ मायक्रॉनने वाढल्याचे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. छेदाचे क्षेत्रफळ त्यामुळे सुमारे १० टक्क्यांनी वाढले. केस धुतले की हा लाभ जातो, पण तो असेपर्यंत खरा असतो. त्याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल.

खळ टिकते की नाही, हे मात्र ती कशावर बसते यावर ठरते. चिंचोक्यातले मुख्य द्रव्य झायलोग्लुकन. त्याचा कणा ग्लुकोजच्या साखळीचा आहे आणि कापसातल्या सेल्युलोजचा कणाही तसाच. म्हणून सुती धागा ही खळ घट्ट धरून ठेवतो. लोकरीशी किंवा केसाशी तिचे असे नाते नाही, ती नुसती वर वाळून बसते आणि पाण्याने उतरते. यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, विशेषतः झिजलेल्या टोकांना. मग गवारीच्या डिंकासारख्या साखळीला धनभाराचे रेणू जोडले की ती केसाला आपोआप धरते. शाम्पूच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत ‘ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड’ असे लांबलचक नाव असते, ते याच गवारीचे. बाटलीत ते विरघळून असते. डोक्यावर पाणी ओतले, फेस पातळ झाला की ते साबणद्रव्यासकट द्रावणातून बाहेर पडते आणि केसावर बसते. म्हणजे खळ चढते ती केस धुवून काढण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात. पण रोज तोच शाम्पू, वर मुळापर्यंत कंडिशनर असे केले तर थरावर थर चढतात आणि बारीक केस पुन्हा लोळतात. बारीक केसांना कंडिशनर कानाच्या खालीच लावावे, हा सल्ला यातूनच येतो.

घरच्या घरी करायचे तर जवस उत्तम. चमचाभर जवस कपभर पाण्यात पाच-सात मिनिटे उकळावे आणि गरम असतानाच गाळावे. थंड झाले की चीक इतका दाटतो की गाळणीतून उतरतच नाही. ओलसर केसांना मुळापाशी अगदी थोडा लावून, मान खाली घालून केस वाळवले तर उभारी येते. जास्त झाला तर वाळून कोंड्यासारखे पांढरे कण पडतात. हा चीक लवकर नासतो, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांतच संपवावा.

तेलाबद्दल आपल्याकडे वाद खूप, मोजमाप कमी. ते मोजमाप मुंबईत झाले आहे. मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार धुण्या-विंचरण्यात केसातून निघून जाणारे प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाले. खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचे असल्याने केसाच्या आत शिरते, बाकीची दोन तेले वरच राहतात. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पण खोबरेल केसात शिरते हे अमेरिकेत प्रिन्स्टनच्या वस्त्र संशोधन संस्थेसोबत केलेल्या अभ्यासातही दिसले होते. केसांचा अभ्यास वस्त्र संशोधन संस्थेत व्हावा यात नवल नाही. तंतू ताणणे, पिळणे, घासणे, भिजवणे यांची यंत्रे लोकर आणि सुतासाठी आधीच तयार होती. बारीक केसांच्या बाबतीत निष्कर्ष इतकाच की खोबरेल न्हाण्याआधी लावावे, थोडे लावावे आणि धुऊन टाकावे. ते केस वाचवते. न्हाल्यानंतर चोपडले तर चपटे करते.

बार्शीकरांना पाण्याचा विचार टाळता येत नाही. आपल्या काळ्या पाषाणातून मुरलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. बादलीच्या काठावर आणि गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर त्यांचाच. हे क्षार केसाच्या ऋणभारित जागा धरतात. साबण वापरला तर त्याच्याशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतात. अशा जड पाण्याने धुतलेले केस हाताला खरखरीत आणि त्यामुळे भरीव लागतात. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलींना ‘तिथे केस एकदम पातळ झाले’ असे वाटते, त्यामागे कधी कधी एवढेच असते. हा भरीवपणा घेण्यासारखा नाही. खरखरीत केस एकमेकांत गुंततात आणि विंचरताना तुटतात. महिन्यातून एक-दोनदा ईडीटीए असलेला शाम्पू वापरावा, किंवा शेवटच्या तांब्यात लिंबाचे थोडे थेंब टाकावेत आणि डोळे सांभाळावेत.

पार्लरमधल्या ‘केराटिन ट्रीटमेंट’ने केस दाट होतील ही समजूत आता तालुक्याच्या गावांतही पसरली आहे. त्यात केस सरळ आणि गुळगुळीत केले जातात. म्हणजे बारीक केसांना जे घर्षण हवे असते, नेमके तेच काढून घेतले जाते. काही मिश्रणांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. काहींमध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल असते आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बारीक केसांच्या बाईने यासाठी हजारो रुपये मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

केस खरोखर जाड किंवा बारीक होतो तो टाळूखाली, मुळातल्या पेशींत. बार्शीत हे सांगायला वेगळे कारण आहे. डॉ. बी. एम. नेने यांनी १९८२ मध्ये उभारलेल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमुळे केमोथेरपीनंतरचे केस हा आसपासच्या जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांचा अनुभव आहे. केमोची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात आणि केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्यांपैकी आहेत. उपचार संपल्यावर केस बहुधा परत येतात, पण सुरुवातीचे मऊ, लवेसारखे आणि कधी कुरळे असतात. ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. या काळात टाळूला जोरात चोळणे, रंग लावणे, इस्त्री फिरवणे टाळावे. सौम्य शाम्पू, छोटा कट आणि हवे तर जवसाचा चीक एवढे पुरते. मुळे सावरली की पुढचा केस पुष्कळदा पूर्वीच्या जाडीचा येतो.

बाकीच्यांनी दाटपणाच्या बाटलीआधी रक्त तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाची कमतरता आणि थायरॉइड या दोन्हींची झळ केसांना लागते. डेंगी किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते. भांग वर्षानुवर्षे रुंदावत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. मूळचे रक्तदाबावरचे औषध असलेले मिनॉक्सिडिल आक्रसलेल्या मुळांतून पुन्हा जाड केस आणू शकते, पण ते सोडले की परिणामही ओसरतो. बायोटिनच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू केल्या असतील तर थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांना तसे सांगावे. मोठ्या मात्रेतले बायोटिन त्या तपासणीचे आकडे चुकवते आणि चुकीच्या आकड्यांवरून चुकीचे औषध सुरू होऊ शकते.