धावपटूच्या शरीरातील कोठार

तंजावूर जिल्ह्यातील पापनाशम येथे पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजवटीतील विटांचे एक भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताच्या पिकाचे धान्य त्यात साठविले जाई. हे अन्न खाणाऱ्या माणसाच्या शरीरातही असेच एक कोठार असते. भातातील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज बनते आणि ताबडतोब न लागणारे ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात साठून राहते. अतिदीर्घ पल्ल्याच्या धावण्यात या साठ्याचे महत्त्व किती, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल.

समजा, ६० किलोग्रॅम वजनाचा एक धावपटू तंजावूरहून तिरुचिरापल्लीकडे निघाला. हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे त्याला सुमारे ३,३०० किलोकॅलरी लागतील. शरीरात ५०० ग्रॅम ग्लायकोजेन आहे असे धरले, तर त्यापासून जेमतेम २,००० किलोकॅलरी मिळतात. निव्वळ याच साठ्यावर तो धावला, तर सुमारे ३३ किलोमीटरवर कोठार रिते होईल.

याउलट, त्याच्या शरीरात ६ किलोग्रॅम मेद असेल, तर त्यात सुमारे ५४,००० किलोकॅलरी ऊर्जा असते. मग त्याची गती का मंदावते? मेदापासून ऊर्जा मिळते, पण ती सावकाश. शिवाय तेवढ्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजन अधिक लागतो. म्हणून ग्लायकोजेन संपत आले की वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. आणखी एक अडचण अशी, की स्नायूतील ग्लायकोजेन त्या स्नायूच्याच कामी येते. त्याचे ग्लुकोज करून रक्तात सोडणारे विकर स्नायूत नसते. रक्तातील ग्लुकोजची पातळी राखण्याचा मुख्य भार यकृतावर पडतो. तेथील साठा आटला, की मेंदूचे पोषण अपुरे पडून भोवळ येऊ लागते.

या साठ्याचे स्वरूप १९६६ साली बेर्गस्ट्रॉम व हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी स्पष्ट केले. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायानेच पायटे मारले. श्रमलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले. परंतु पुढील तीन दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर त्याच पायातील साठा विश्रांत पायाच्या सुमारे दुप्पट झाला. रिकाम्या झालेल्या कोठारातच अधिक धान्य भरले गेले!

नियमित सरावाने स्नायुपेशींतील तंतुकणिकांची संख्या वाढते, मेदाचा वापर वाढतो आणि ग्लायकोजेनची बचत होते. सरावलेला धावपटू अधिक काळ टिकतो तो यामुळेच. तरीही मर्यादा उरतेच. अतिश्रमाने स्नायुतंतू फाटले, तर त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. तंजावूरसारख्या उष्ण प्रदेशात हा धोका वाढतो. शिवाय उष्म्यात ग्लायकोजेनही लवकर खर्ची पडते. म्हणून वाटेत थोडे थोडे पिष्टमय अन्न घेणे, वेग आवरणे आणि अशी लक्षणे दिसताच थांबून वैद्यकीय मदत घेणे, यातच शहाणपण आहे.