पेज दिसतंय, पण बटण चालत नाही! वेबसाईट नक्की तयार होते कुठे?

ॲडमिशनच्या फॉर्मची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. तुम्ही लगेच उघडता. कॉलेजचं नाव दिसतं, फॉर्म दिसतो, खाली 'पुढे जा' असं मोठं बटण दिसतं. तुम्ही बटण दाबता. काहीच होत नाही. परत दाबता, तरी ढिम्म. चार-पाच सेकंद जातात आणि मग कुठे एकदाचं ते बटण चालायला लागतं. त्याच वेळी शेजारी बसलेल्या मित्राच्या महागड्या फोनवर मात्र सगळं एका झटक्यात होतं.

आपण म्हणतो, नेटवर्क खराब आहे. कधी ते खरंही असतं. पण अनेकदा कारण वेगळं असतं. ते पेज बनवण्याचं थोडं काम सर्व्हरने केलेलं असतं आणि उरलेलं काम तुमच्या फोनवर ढकललेलं असतं. तुमचा फोन ते काम उरकेपर्यंत पेज फक्त दिसतं, चालत नाही.

आज अनेक मोठ्या वेबसाईट याच पद्धतीने बनतात. ही पद्धत आली कुठून, तिचा फायदा काय आणि तिची किंमत कोण मोजतं? सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी डबा आणि शिधा समजून घ्या

वेबसाईटच्या जगात दोन बाजू असतात. एक सर्व्हर, म्हणजे कंपनीचा कुठेतरी लांब ठेवलेला कॉम्प्युटर. दुसरी बाजू क्लायंट, म्हणजे तुमच्या फोनमधला ब्राउझर. माहितीपासून डोळ्यांना दिसणारं पेज तयार करणं, या कामाला रेंडरिंग म्हणतात. हे काम दोन्हीपैकी कुठेही होऊ शकतं.

सर्व्हरवर रेंडरिंग म्हणजे मेसचा डबा. जेवण तयार होऊनच येतं, उघडा आणि खा. पण प्रत्येक वेळी काही हवं असेल तर नवा डबा मागवायचा.

क्लायंटवर रेंडरिंग म्हणजे घरी शिधा पाठवणं. पीठ, डाळ, तेल, मसाला आणि कसं करायचं याचा कागद. पहिलं जेवण मिळायला वेळ लागतो. पण एकदा सामान घरात आलं की पुढे हवं ते पटकन करता येतं. फक्त घरची शेगडी चांगली पाहिजे. इथे शेगडी म्हणजे तुमचा फोन.

सुरुवातीला सगळे डबेच होते

१९९० च्या दशकात वेबसाईट सर्व्हरवरच बनायच्या. तुम्ही लिंक दाबली की सर्व्हर पूर्ण पेज तयार करून पाठवायचा. दुसरी लिंक दाबली की पडदा पांढरा व्हायचा आणि दुसरं पेज यायचं. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीच्या ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. पण सुरुवातीला तिचा वापर छोट्या कामांपुरताच होता. फॉर्ममध्ये रकाना रिकामा राहिला तर इशारा देणं वगैरे.

खरा बदल जाणवला तो २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर. नकाशा माऊसने सरकवला तर पेज परत लोड होत नव्हतं, फक्त नवा तुकडा येऊन जोडला जात होता. वेबसाईट ॲपसारखी वागू शकते, हे लोकांना दिसलं. पुढच्या काही वर्षांत अनेक कंपन्यांनी पेज बनवण्याचं जवळजवळ सगळं काम ब्राउझरवर सोपवलं. सर्व्हर फक्त एक रिकामा सांगाडा आणि जावास्क्रिप्टची मोठी फाईल पाठवायचा. बाकी तुमचा कॉम्प्युटर बघून घेईल!

ट्विटरने घेतलेला यू-टर्न

या पद्धतीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ट्विटर, म्हणजे आजचं एक्स. सप्टेंबर २०१० मध्ये ट्विटरने नवी वेबसाईट आणली. तिच्यात पेज बनवण्याचं काम ब्राउझरकडे दिलं होतं.

अडचण लगेच दिसली नाही. एखाद्या ट्वीटची लिंक उघडली की आधी रिकामं पेज यायचं. मग जावास्क्रिप्ट डाऊनलोड व्हायची. मग ती चालायची. मग ती पत्ता वाचून ठरवायची की कोणतं ट्वीट दाखवायचं आहे. मग ते ट्वीट सर्व्हरकडून मागवायचं. १४० अक्षरं वाचायला एवढा खटाटोप!

मे २०१२ मध्ये ट्विटरने हे बदललं. ट्वीट पुन्हा सर्व्हरवर रेंडर होऊ लागलं आणि जावास्क्रिप्टचं काम नंतरवर ढकललं गेलं. कंपनीच्या इंजिनिअरिंग टीमने तेव्हा सांगितलं, की पहिलं ट्वीट दिसायला लागणारा वेळ आधीच्या एक पंचमांश झाला.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. पहिलं पेज सर्व्हरवरूनच आलेलं बरं. पण मग जीमेल किंवा मॅप्ससारखी गती सोडून द्यायची का?

दोन्ही हवं, पण एकदाच लिहून

सर्व्हरवर पेज बनवणारा कोड पीएचपी, रुबी, जावा अशा भाषांत असायचा. ब्राउझरला मात्र जावास्क्रिप्टच कळायची. दोन्हीकडे रेंडरिंग करायचं तर तीच गोष्ट दोन भाषांत दोनदा लिहावी लागायची. एका ठिकाणी बदल केला आणि दुसरीकडे राहून गेला की घोळ ठरलेला.

२००९ मध्ये रायन डाल यांनी नोड डॉट जेएस आणलं. त्यामुळे जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणं सोपं झालं. आता एकच कोड दोन्हीकडे वापरता येणार होता. २०१३ मध्ये एअरबीएनबीने आपल्या मोबाईल वेबसाईटसाठी हा प्रयोग करून जगाला सांगितला. अशा ॲपना तेव्हा 'आयसोमॉर्फिक' म्हणायचे, पुढे 'युनिव्हर्सल' हा शब्दही रुळला. त्याच वर्षी मे महिन्यात फेसबुकने रिॲक्ट ही लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात लिहिलेला कोड सर्व्हरवर एचटीएमएल तयार करू शकतो आणि ब्राउझरमध्ये तेच पेज जिवंत ठेवू शकतो. २०१६ मध्ये नेक्स्ट डॉट जेएस आलं आणि हे सगळं छोट्या टीमच्याही आवाक्यात आलं. नक्स्ट, स्वेल्टकिट ही याच वाटेवरची इतर नावं.

म्हणजे पहिलं जेवण डब्यात गरम येतं आणि त्याच गाडीतून शिधाही येतो. पुढचं घरी करून घ्या.

मग घोडं कुठे अडतं?

अडतं ते 'हायड्रेशन' नावाच्या पायरीवर.

सर्व्हरवरून आलेलं पेज सुरुवातीला चित्रासारखं असतं. मजकूर दिसतो, बटण दिसतं. पण बटण दाबल्यावर काय करायचं हे सांगणारी जावास्क्रिप्ट अजून वाटेत असते. ती येते, फोन ती वाचतो, चालवतो, पेजवरच्या एकेका भागाशी जोडतो. ही जोडणी म्हणजे हायड्रेशन. आपल्या भाषेत सांगायचं तर मूर्ती मखरात बसली आहे, पण प्राणप्रतिष्ठा व्हायची आहे.

भारी फोनमध्ये हे इतकं पटकन होतं की कळतही नाही. पण स्वस्त फोनचा प्रोसेसर हळू असतो. तिथे हेच काम काही सेकंद खातं. वेबसाईट बनवणारी मंडळी बहुतेक वेळा चांगल्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर काम करतात. त्यांना पेज लगेच दिसतं आणि लगेच चालतंही. मधली पोकळी दिसते ती फक्त त्या फोनवर, ज्याच्यावर कुणीतरी फॉर्म भरायची धडपड करत असतं.

आणखी एक गंमत आहे. अनेकदा तीच माहिती दोनदा पाठवली जाते. एकदा दिसणाऱ्या मजकुराच्या रूपात आणि दुसऱ्यांदा जावास्क्रिप्टला जोडणी करता यावी म्हणून कच्च्या डेटाच्या रूपात. त्यासाठी खर्च होणारा डेटा पॅक तुमचाच असतो.

तारखेचा आणि मराठी अंकांचा गोंधळ

दोन्हीकडे एकच कोड चालला तरी उत्तर एकच येईल असं नाही.

अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. समजा, एक बातमी १ मे रोजी पहाटे २ वाजता प्रसिद्ध झाली. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा ३० एप्रिलचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. विशेष काळजी घेतली नसेल तर सर्व्हर ३० एप्रिल लिहून पाठवतो आणि तुमचा फोन १ मे म्हणतो. मग तारीख डोळ्यांदेखत बदलते, किंवा दोन्ही बाजूंचं जुळत नाही म्हणून पेजचा तेवढा भाग फोनला परत बनवावा लागतो.

मराठीत याची आणखी एक तऱ्हा होती. मराठी पद्धतीने तारीख दाखव असं सांगितलं की ब्राउझर देवनागरी अंक वापरतो. पण नोडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मूळ स्वरूपात फक्त इंग्रजीचीच माहिती भरलेली असायची. त्यामुळे सर्व्हर इंग्रजी अंक पाठवणार आणि फोन मराठी अंक लिहिणार. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या नोडच्या १३ व्या आवृत्तीपासून सगळ्या भाषांची माहिती सोबतच येऊ लागली आणि हा प्रश्न सुटला. दुसऱ्या भाषेसाठी कुणीतरी आठवणीने सोय करेपर्यंत ती भाषा तुटकीच दिसते, हे यातून कळतं.

सुरक्षेचाही मुद्दा आहे. फोनवर आलेला कोड कुणीही उघडून वाचू शकतो. त्यामुळे डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटच्या गुप्त चाव्या यांच्याशी संबंधित कोड सर्व्हरवरच राहायला हवा. एकच कोड दोन्हीकडे धावतो तेव्हा कोणती ओळ कुठे जाते आहे, यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे शिधा कमी पाठवणं. बातमीचा मजकूर हलत-डुलत नाही. त्याला जावास्क्रिप्टची गरज काय? गरज असते ती लाईकच्या बटणाला, कमेंटच्या चौकटीला. बाकी पेज साधं ठेवायचं आणि तेवढेच भाग जिवंत करायचे. याला 'आयलंड्स' पद्धत म्हणतात. समुद्रात बेटं असावीत तशी. ॲस्ट्रो हे टूल याच तत्त्वावर चालतं. रिॲक्टनेही डिसेंबर २०२० मध्ये सर्व्हर कंपोनंट्सची कल्पना मांडली. त्यात काही भाग सर्व्हरवरच बनतात आणि त्यांचा कोड फोनवर येतच नाही.

दुसरा उपाय जुना आणि साधा आहे. एचटीएमएलचा मूळ फॉर्म आणि मूळ लिंक जावास्क्रिप्टशिवायही चालतात, हे आपण विसरून गेलो आहोत. सबमिटचं बटण त्या मूळ फॉर्मच्या पद्धतीने बनवलं तर हायड्रेशन झालेलं नसतानाही ते दाबता येतं. पेज एकदा परत लोड होईल एवढंच. पण फॉर्म जाईल. शेवटच्या तारखेच्या रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी फॉर्म भरणाऱ्याला यापेक्षा जास्त काही नको असतं.

गूगलही आता यावर लक्ष ठेवतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं त्यांचं मोजमाप आधीपासून होतंच. मार्च २०२४ पासून बटण दाबल्यावर पेज किती लवकर प्रतिसाद देतं, हे मोजणारा नवा निकष त्यात आला. २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळाला तर चांगलं, असं ते मानतात. म्हणजे नुसतं लवकर दिसून भागत नाही, चालायलाही हवं.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता

तुम्ही दुकानाची, शाळेची किंवा मंडळाची वेबसाईट बनवून घेत असाल तर या तीन गोष्टी करून बघा.

१. आतल्या एखाद्या पेजची लिंक व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. लिंकसोबत दिसणारं शीर्षक आणि फोटो पेजच्या मूळ एचटीएमएलमधून उचलले जातात, त्यासाठी जावास्क्रिप्ट चालवली जात नाही. प्रत्येक पेजला तेच नाव, तोच लोगो दिसत असेल किंवा काहीच दिसत नसेल, तर तो मजकूर सर्व्हरकडून येत नसण्याची शक्यता जास्त.

२. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून पेज उघडा. पत्ता, वेळ, फोन नंबर, फी एवढं तरी वाचता आलं पाहिजे. बघून झालं की सेटिंग पूर्ववत करा.

३. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि त्यावर फॉर्म भरून बघा. पेज दिसल्यापासून बटण चालेपर्यंत किती वेळ गेला ते मोजा.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची. पेज कुठे बनवायचं हा निर्णय टेक्निकल वाटतो, पण त्या निर्णयाने काम कुणाच्या तरी अंगावर पडतंच. सर्व्हरवर पडलं तर बिल कंपनी भरते. फोनवर पडलं तर ते आपण भरतो, वेळेने, बॅटरीने आणि डेटाने. आणि ज्याचा फोन सगळ्यात स्वस्त, त्याचं बिल सगळ्यात मोठं.

पुढच्या वेळी एखादं बटण चाललं नाही तर लगेच फोनला नावं ठेवू नका. शिधा जास्त झाला असेल!