घारीनं शिकवलं, वेळासनं दाखवलं

किंक्रांतीची सकाळ होती. कपडे वाळत घालायला सोसायटीच्या गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीमागे एक घार पडलेली. पंखात मांजा रुतलेला, डोळे मात्र टक्क उघडे. माझा जीव कळवळला. धावत खाली येऊन वाटीत पाणी आणलं, तिची चोच उघडली आणि चमच्यानं पाणी घातलं. मग मांजा ओढून काढायला लागले. अर्ध्या तासात ती गेली.

पुढे एका पशुवैद्यांना हे सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, जखमी पक्ष्याच्या चोचीत असं पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जातं. आणि रुतलेला मांजा ओढला की जखम वाढते.’’ म्हणजे मी तिला वाचवायला गेले आणि तिच्या हालांत भरच घातली! पंधरा वर्षं महिला मंडळाचं काम करतेय, दयेवर कितीतरी भाषणं दिलीत. पण नुसती दया असून भागत नाही, हे त्या दिवशी कळलं.

ती घार काही डोक्यातून जाईना. त्यामुळे मार्चमध्ये मंडळाची सहल ठरवताना मी म्हटलं, ‘‘या वेळी रिसॉर्ट नको, वेळासला जाऊ.’’ झालं! एकच गलका. ‘‘एसी नाही? खाली गाद्यांवर झोपायचं? बाथरूम सगळ्यांत मिळून? अहो, पैसे देऊन गैरसोय विकत घ्यायची का?’’ शेवटी कशाबशा चौदा जणी तयार झाल्या.

पनवेल, माणगाव करत म्हसळ्याला आलो. याच तालुक्यात चिरगाव आहे. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभरातली गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. अशा काळात चिरगावच्या लोकांनी महाडच्या ‘सिस्केप’ संस्थेच्या प्रेमसागर मेस्त्री यांच्या साथीनं गिधाडांची घरट्यांची झाडं राखली. गाडीत हे सांगितलं, तर मागून आवाज आला, ‘‘ई, गिधाडं कसली राखायची?’’ म्हटलं, मेलेलं ढोर गावाबाहेर कुजत पडलं तर काय होईल, याचा विचार करा. मग सगळ्या गप्प!

बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवली, पलीकडे वेश्वीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळास गाठलं. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. माडा-पोफळींत लपलेली कौलारू घरं. उतरायचं ते या घरांतच. आमच्या यजमीण वहिनींनी ओटीवर चटया घातल्या आणि जेवायला गरम भात, आमटी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी वाढली. तक्रार करणाऱ्या मैत्रिणींनीच तिसऱ्यांदा भात मागितला!

संध्याकाळी समुद्रावर गेलो. तिथल्या कासवमित्रानं सांगितलं ते ऐकून मी चाट पडले. या सगळ्याची सुरुवात झाली ती एका पक्ष्यापासून. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये किनाऱ्यावर समुद्री गरुडांची पाहणी करत होते. तेव्हा वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी चोरीला जात होती. गरुड मोजायला आलेली माणसं मग कासवांसाठीही थांबली. गावातल्याच तरुणांना त्यांनी घरटी राखायच्या कामाला लावलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांमध्ये करायची पद्धत पडली.

कुंपणाच्या आत घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. त्यानं टोपली उचलली... खाली नुसती वाळू! सगळ्यांची तोंडं उतरली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. या वेळी टोपलीखाली अकरा पिल्लं वळवळत होती. आपण दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, हात लावायचा नाही. ती इवलीशी पिल्लं आपली आपण लाटेपर्यंत चालत गेली. आमच्यातल्या सर्वांत बडबड्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतताना खाडीवर एक मोठा पक्षी संथ घिरट्या घेताना दिसला. पांढरंशुभ्र पोट, करडे पंख. समुद्री गरुड! मला माझी घार आठवली.

दुपारी वहिनींना विचारलं, ‘‘पूर्वी अंडी खायचे ना हो इथे?’’ भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, ‘‘खायचे की. विकायचेसुद्धा. आता कोण नेईल? कासवं आली तर पाहुणे येतात, पाहुणे आले तर माझ्या हातात चार पैसे येतात. गेल्या वर्षी लेकीच्या कॉलेजची फी त्यातूनच भरली.’’

मैत्रिणींनो, मला जे भाषणांतून सांगता आलं नव्हतं, ते वहिनींनी दोन वाक्यांत सांगितलं. पाखरू असो की कासव, त्याच्या जगण्याशी एखाद्या बाईची चूल जोडली गेली, की राखणदार बाहेरून आणावा लागत नाही. आपण सहलीला खर्च करतोच. तो कोणाच्या घरात जातो, एवढं तरी पाहता येईल ना?

आणि घरच्या घरीही करता येण्यासारखं आहे. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तो मुलांना आणून देऊ नका. जखमी पक्षी सापडला तर त्याच्यावर हलकेच कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, खायला देऊ नका. मांजा ओढू नका, लोंबतं टोक तेवढं कात्रीनं कापा. आणि लगेच वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा जवळच्या पक्षीमित्रांना कळवा.

आमच्या मंडळाच्या कपाटात आता संक्रांतीच्या वाणाशेजारी भोकं पाडलेले दोन खोके तयार असतात.