पहिलीत खेळ हाच अभ्यास

● पायाभूत स्तर : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार वय ३ ते ८. बालवाडीची तीन वर्षे, पहिली आणि दुसरी त्यातच येतात.

● विद्याप्रवेश : पहिलीच्या सुरुवातीचा तीन महिन्यांचा खेळाधारित कार्यक्रम, आरंभ २०२१.

● साहित्य : चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणे. दहा चिंचोक्यांतले तीन शेजारच्याला दिले, उरले किती? झाली वजाबाकी.

● बारामती-इंदापूर : सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबांची मुले अर्ध्या वर्षात वर्गात येतात. हातात पुस्तक येण्याआधी त्यांना लंगडीच्या डावात घ्यावे.

● पालकांनो, घरी डाळ-तांदूळ मोजायला, भाजी निवडायला मुलांना सोबत बसवा. गृहपाठ तिथेच होतो.