डोळे मिचकावा

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे. भुसावळातल्या या बँकेचं शटर अजून अर्ध्यावरच आहे आणि पायऱ्यांवर, कठड्यावर, कुणाच्या तरी उभ्या स्कूटरवर मिळून तीसेक पेन्शनर बसलेत. हयातीचा दाखला द्यायचाय. प्रत्येकाच्या हातात पिशवी: पासबुक, आधार, पीपीओची म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स. थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी पिशवी उघडतं, सगळं आहे ना ते बघतं आणि पुन्हा गाठ मारतं. ते पाहून शेजारचाही आपली उघडतो.

गाव रेल्वेचं, त्यामुळे रांगेत निम्मे तरी रेल्वेवाले आहेत. मी काका-काकूंबरोबर आलेय. काका एकोणऐंशीचे. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पलीकडे दोघांचं चाललंय.

"अरे तो... उंच होता बघ. नागपूर साइडला जायचा."

"पान खायचा तो?"

"नाही भो, पान खायचा तो गार्ड. हा डबा उघडला की आधी मिरची शोधायचा."

"त्याची पोरगी नाशिकला दिली."

"हां, तोच!"

माणूस सापडला, नाव काही सापडत नाही. दोघेही नाद सोडतात आणि वांग्यांवर येतात. भरिताचा हंगाम सुरू झालाय, बामणोदची वांगी बाजारात आलीत, पण भाव काय सांगतात ऐकलंत का! आणि त्या भावाच्या मधोमध पहिला मांडीवर थाप मारून ते नाव ओरडतो. वय झालं की विशेषनामं आधी रुसतात. मिरची राहते, पोरीचं सासर राहतं, नाव मात्र मागाहून येतं. येतं पण. डोक्याला ताण देऊन येत नाही, विषय बदलला की येतं, हे या दोघांना कुणी शिकवलेलं नसावं.

"तो यंदा दिसला नाही," दुसरा म्हणतो. पहिला एक बोट वर आकाशाकडे करतो. मग पुन्हा वांगी.

शटर वर जातं. आत पंखे, टोकन मशिनची टिंगटिंग आणि ट्यूबलाइटचा पांढुरका उजेड. साठीतल्या डोळ्याची बाहुली लहान झालेली असते, भिंगही पिवळसर झालेलं असतं. विशीतल्या डोळ्यात जातो त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा उजेड पडद्यापर्यंत पोचतो. फॉर्मची अक्षरं मात्र विशीतल्या माणसाने विशीतल्यासाठी छापलेली. एक मावशी फॉर्म वाचायच्या भानगडीतच पडत नाहीत. त्या मोबाइलने फॉर्मचा फोटो काढतात, दोन बोटांनी मोठा करतात आणि रकाना रकाना वाचत भरतात. शेजारच्या दोन बायका आपापले फोन बाहेर काढतात.

पहिल्या काउंटरवर बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र आहे. समोर रेल्वे शेडमधले एक निवृत्त फिटर बसलेत. उजवा अंगठा ठेवला, नाही जुळला. तर्जनी, नाही. डावा अंगठा, नाही.

"बाबा, बोट कपाळावर घासा जरा," काउंटरवरची मुलगी सांगते. कपाळाला अंगचं तेल असतं, त्याने कोरडं बोट थोडं ओलसर होतं. बाबा घासतात. मुलगी यंत्राची काच कापडाने पुसते. बाबा श्वास रोखून बोट दाबतात, इतकं की नखाखाली पांढरं होतं. मी वाकून बघते. बोटाचं टोक गुळगुळीत आहे, चकाकतं आहे. म्हातारपणी कातडी कोरडी पडते आणि तिच्यावरच्या रेघांची उंची कमी होते. त्यात यांचा जन्म कानस आणि पॉलिश पेपरमध्ये गेलेला.

"रेघाच गेल्या ना पोरी," बाबा हात उताणा करून दाखवतात. "आता नशीबसुद्धा वाचता येणार नाही कोणाला."

हा ऑनलाइन दाखला, 'जीवन प्रमाण', 10 नोव्हेंबर 2014 ला सुरू झाला. त्याआधी माणूस काउंटरवर येऊन उभा राहिला की तो आहे हे काउंटरला मान्य असायचं. मग बोटं आली. ती म्हाताऱ्यांनाच नेमकी साथ देईनात म्हणून 2021 पासून चेहरा चालू लागला. त्याला साधा स्मार्टफोन पुरतो. मुलगी आता तोच हातात घेते. बाबांचं काम दोन मिनिटांत होतं. चेहऱ्यावर रेघा भरपूर आहेत.

काकांची पाळी. मुलगी फोन त्यांच्यासमोर धरते. "आजोबा, डोळे मिचकावा."

"काय?"

"डोळे मिचकावाऽऽ!"

"कोणाला?"

रांग हसते. काका गोंधळून मागे बघतात, मग तेही हसतात. काकू शांतपणे पुढे येतात. आधी त्यांच्या कोपराला हात लावतात, त्यांच्या नजरेसमोर उभ्या राहतात आणि आवाज चढवण्याऐवजी उतरवून म्हणतात, "दोन वेळा पापण्या मिटा." काका मिटतात. झालं.

इंजिनाने काकांचे कान निम्मे खाल्ले, उरलेले वयाने. अशा कानातून आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, ट कुठल्या कुठे विरतात. कुणी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. आपण ओरडतो तेव्हा पट्टी आणखी वर जाते, म्हणजे नेमकी नको तिकडे. काकूंनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, संसारात काढलेलं आहे. श्रवणयंत्र घरी कपाटात आहे. त्यातून पंखासुद्धा अंगावर येतो, अशी काकांची तक्रार असते. तीही खोटी नाही.

दुसऱ्या काउंटरवर जिल्हा कोषागाराची यादी ठेवलीय. राज्य सरकारच्या पेन्शनरांनी आपापल्या नावापुढे सही करायची. तिथे एक बाई उभ्या आहेत, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचा उजवा हात थरथरतोय. पेन कागदाकडे नेला की थरथर वाढते.

"बाई, अंगठा लावला तरी चालतं," मागून कुणी तरी मायेने म्हणतो. "दोन साक्षीदार लागतील, आम्ही आहोत ना."

"आयुष्यभर पोरांकडून अक्षर गिरवून घेतलं," बाई मान न वळवता म्हणतात. "अंगठा नाही लावायची मी."

पर्समधून त्या आपलं पेन काढतात. त्याला रबरबँड गुंडाळून गुंडाळून अंगठ्याएवढं जाड केलंय. उजवं मनगट डाव्या हाताने धरतात. मग थांबतात आणि वर्गातल्या आवाजात म्हणतात, "सगळ्यांनी तिकडे बघा बरं."

आणि सगळे, फिटर, काका, मी, निमूटपणे मोबाइल बँकिंगच्या जाहिरातीकडे बघू लागतो. कुणी बघत असलं की हात जास्त कापतो, हे त्यांना ठाऊक आहे.

सही होते, पण बँकेत ठेवलेल्या नमुन्याशी तिचं काही जमत नाही. तिथे पूर्ण नाव, आडनाव, शेवटच्या अक्षराखालून मागे नेलेली दिमाखदार रेघ. अधिकारी दोन्ही सह्या बघतात, जरा घुटमळतात. "बाई, नवी नमुना सही घेऊन ठेवू का? मग दर वेळी अडणार नाही."

"त्याच तयारीने आलेय." बाईंनी घरी कॅलेंडरच्या पाठीवर सराव केलेला आहे. फक्त दोन आद्याक्षरं आणि एक टिंब. "पूर्ण नाव लिहायला गेलं की हात हलायला फार जागा मिळते. रेघ तर सोडूनच दिली. ती नुसती ऐट होती." फॉर्मवर त्या तीन ठिकाणी सही करतात. तिन्ही सारख्या. नसतील तंतोतंत, पण एकाच बाईच्या आहेत हे दिसतं.

एवढ्यात काकांच्या फोनवर मेसेज येतो: दाखला तयार. काकू हिशोब मांडतात. येत्या आषाढात यांना ऐंशी पूर्ण. मग पुढच्या वर्षी ही गर्दी नको, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. शिवाय केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीला मूळ पेन्शनच्या वीस टक्के वाढ. पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास.

"आणि शंभरीला?" फिटरबाबा विचारतात.

"शंभर टक्के."

"म्हणजे डबल?"

"डबल."

काकू काकांच्या कोपराला हात लावून, आवाज उतरवून तेच पुन्हा सांगतात. या वेळी काकांना पहिल्याच फटक्यात ऐकू येतं.

"मग आपलं तिकीट वेटिंगलाच राहू दे भो," काका फिटरबाबांना म्हणतात. "कन्फर्म नको."